उसनी गोळी

माझ्या आक्काच्या रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या गल्लीनं खाल्ल्या, आणि अंगावरून वारं गेलं ते आक्काच्या. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

आक्का माझी थोरली बहीण, कागलच्या पुढं सीमेलगतच्या गावात दिलेली. उठल्या उठल्या तंबाखूची मिश्री लावणार, दोन म्हशींच्या धारा काढणार, मग भाकरीबरोबर खर्डा आणि त्यावर पुन्हा मिठाची चिमूट. मी दर महिन्याला शहरातल्या राजारामपुरीतून जाऊन तोंडाची वाफ दवडायची. ती हसायची. "राबणाऱ्याला कसलं आलंय बीपी? ते तुमच्या फ्लॅटातल्यांचं."

तरी गोळ्या सुरू झाल्या. उपकेंद्रातून महिन्याच्या महिन्याला मिळायच्या. आक्कानं त्या चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवल्या आणि तिथंच सगळं बिघडलं. दारात आलेल्या बाईला आमच्याकडं नाही म्हणत नाहीत. विरजण मागा, साखर मागा, मिळते. तशी गोळीही मिळायला लागली. शेजारणीला गरगरलं, घे एक. जावेचं डोकं ठणकलं, घे. गावच्या जत्रेत मला उन्हानं चक्कर आली, तेव्हा माझ्याही तळहातावर तिनं एक ठेवली. मी ती पाण्याबरोबर गिळून मोकळी झाले. एवढी शिकलेली मी, कसली गोळी म्हणून विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांत आक्काच्या गोळ्या संपायच्या. मग तपासणी जवळ आली की शेजारणीकडून तिनं नेलेल्यांतल्याच दोन-तीन उसन्या आणायच्या, तेवढे दिवस मिश्री बंद ठेवायची. पावणं येणार म्हणून अंगण सारवावं तसं. नर्सबाई आकडा बघून खूश. आक्का मला फोन लावायची, "बघ, बराबर हाय की! उगंच वरडतीस." मीही खूश. आकडा बरोबर म्हटल्यावर डबा उघडून कोण बघतंय?

एका सकाळी धार काढताना तिच्या हातातनं बादली निसटली. उजवा हात उठेना, तोंड वाकडं झालं. घरची माणसं तासभर हाताला तेल चोळत बसली. तासभर! दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेत होता का? आक्कानं मान डोलावली. तेव्हा तिच्या जावेनं रडत रडत हे उसनवारीचं सगळं सांगितलं. दवाखाना आहे हे विसरून मी तिच्यावर ओरडले.

आक्का घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारीण दारात. हातात वाटी, वाटीत दोन गोळ्या. "आक्का, तुमच्या ऱ्हायल्या हुत्या माज्याकडं. आता लागतील न्हवं?"

माझा पारा चढला. "आता आणताय? हात गेल्यावर? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

ती रडायला लागली. आक्कानं डाव्या हातानं वाटी पुढ्यात ओढली, एक गोळी काढून घेतली आणि दुसरीसकट वाटी परत तिच्याकडं सरकवली. मी ती वाटी हिसकावून घेतली. म्हटलं, "आक्का, या बाईनं तुझ्या गोळ्या खाल्ल्यात!"

आक्काची जीभ वळत नव्हती, तरी माझ्याकडं बघून एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तूबी… खाल्लीस की."

वाटी माझ्याच हातात होती.