टिकारामची कामटी

वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत टिकाराम ट्रेसर होता. साहेबांनी आकडे द्यायचे आणि यानं त्यांच्या रेघा करायच्या, एवढंच त्याचं काम. पण हात असा, की तक्त्यावर शाईचा एक डाग शोधून सापडू नये. त्याच्याजवळ कळकाची एक कामटी, म्हणजे बांबूची पातळ पट्टी होती, त्यानं स्वतः तासलेली, तेल पाजून मऊ केलेली. कागदावर टिपके मांडायचे, टिपक्यांवर टाचण्या रोवायच्या, टाचण्यांना धरून कामटी वाकवायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. टिपक्यांत जेवढा बाक असेल तेवढा रेघेत आपोआप उतरायचा. टिपके नुसतेच इकडेतिकडे विखुरलेले असले, की मात्र तो लाकडी पट्टी घेई आणि मधून सरळ रेघ ओढी. कुठं कामटी आणि कुठं पट्टी, हे त्याला कोणी शिकवावं लागत नव्हतं.

नोकरी मात्र हंगामी. लग्न झालं तेव्हा हंगामी होती, दोन लेकरं झाली तरी हंगामीच. त्यात नागपूरची राजधानी गेली, कारभार मुंबईच्या हाती गेला, आणि जास्तीची माणसं कमी होणार अशी कुजबुज कचेरीत सुरू झाली. नालवाडीच्या भाड्याच्या खोलीत बायको रुखमा रोज विचारायची, "झालं का जी कायमचं?" आणि तो रोज चपला शोधायचा.

अशात विकासाच्या प्रदर्शनासाठी विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते काढायला आले. ज्या गावाची विहीर आटणार असं दिसेल, त्या गावाला सरकार नवी विहीर देणार होतं. त्यात केळझरच्या पलीकडचं एक गाव होतं. टिकारामची धाकटी बहीण सुंदरा तिथंच दिलेली.

त्यानं त्या गावाच्या टिपक्यांवर टाचण्या रोवल्या. पहिली काही वर्षं पाणी जवळपास एकाच पातळीला. मग टिपके धाडधाड खाली. बाक कुठून सुरू झाला ते त्याला लगेच कळलं. विहिरीच्या वरच्या अंगाला जुन्या मालगुजारानं, तिथल्या जमीनदारानं, संत्र्याच्या बागेत पाणी उपसायला तेलाचं इंजिन बसवलं होतं, त्याच साली. कामटीनं काढलेली रेघ पुढं वाढवली, तर येत्या उन्हाळ्यातच ती विहिरीच्या तळाला टेकत होती.

साहेबांनी तक्ता पाहिला. माणूस मूर्ख नव्हता, वाईटही नव्हता.

"बाकीच्या रेघा सरळ, ही एकच वाकडी कशी?"

"टिपकेच तसे आहेत साहेब."

"दिसतात मला. पण वर विचारतील, वाकली कशानं? मग इंजिनाचं नाव घ्यावं लागेल. ते कोण घेणार टिकारामजी, तुम्ही की मी? पट्टी ठेवा, मधून सरळ रेघ ओढा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा कायम करायचा कागद याच आठवड्यात पाठवतो आहे."

धमकी दिली असती तर निदान राग तरी आला असता. टिकारामनं पट्टी ठेवली. काही टिपके रेघेच्या वर राहिले, काही खाली. ही रेघ पुढं वाढवली, की पाणी आरामात दहा वर्षं पुरत होतं. गाव नव्या विहिरींच्या यादीतून गेलं. कचेरीच्या रिवाजाप्रमाणं त्यानं कोपऱ्यात आपलं नाव घातलं.

प्रदर्शनाला सुंदरा चार बायांना घेऊन आली. तिच्या नवऱ्यानं, भैयाजीनं, गाव जमवून अंगमेहनतीनं नवी विहीर खोदायचं ठरवलं होतं; कुदळी-फावडीसुद्धा गोळा झाली होती.

"भाऊ, हा तक्ता दाखवणारा बाबू म्हणते दहा साल पाणी पुरते. हे तुवाच काढलं ना?"

साहेब मागंच उभे होते. टिकारामला सगळं सांगायचं होतं. त्यानं साहेबांकडं पाहिलं.

"मीच काढलं," तो म्हणाला.

"पाहा वं," सुंदरा बायांकडं वळली. "माह्या भावाचं नाव हाय त्याच्यावर. आता काहाले खोदता?"

कुदळी ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या. टिकारामचा कायम झाल्याचा हुकूम आला. रुखमानं शेवया केल्या, आणि त्यानं त्या पोट दुखतं म्हणून ठेवून दिल्या.

पुढच्या चैत्रात सुंदरा लेकरं आणि अंथरुणाचं गाठोडं घेऊन नालवाडीच्या दारात उभी राहिली. विहीर कोरडी पडली होती. रुखमानं पाण्याचा गडू पुढं केला. लेकरं प्याली, मग ती प्यायली. टिकाराम भिंतीकडं पाहत राहिला.

"भाऊ, तू काऊन तोंड पाडून राह्यला?" सुंदरा म्हणाली. "गावातले काहीबाही बोलत होते. म्या तोंडावर सांगतलं त्याईले, इंजिनवाल्यानं घात केला. माह्या भावाची रेघ बरोबरच होती."