एसी बघायला गेलेला संशयित

या तपासाची आठवण निघाली की मला आधी गुन्हा आठवत नाही, टीव्ही आठवतो. भिंत भरून टाकणारा टीव्ही. पंचनामा चालू असताना मी हवालदाराला त्याची लांबी मोजायला लावली आणि ती कागदावर घेतली. चोरीशी त्या लांबीचा काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो माझ्या क्वार्टरमधल्या टीव्हीशी, ज्याच्या मधोमध एक हिरवी रेघ कायमची मुक्कामाला आली होती.

गाव बेळगावजवळच्या सांब्र्याच्या पलीकडचं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. तिथं बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरली होती. आमच्या बेळगाव भागात यात्रा म्हणजे घराघराला नवा रंग, दारात मांडव, पै-पाहुण्यांच्या पंगती. कुणाकडं किती पातेली मटण शिजलं, याची चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत पुरते. बंदोबस्त माझ्याकडं होता. निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे माझं लक्ष गर्दीपेक्षा सावलीकडं जास्त असायचं.

पहिल्याच दिवशी मी एक पराक्रम केला. शर्ट खोचलेली, पाठीला बॅगा लावलेली दोन पोरं गल्लीत एकाच घराभोवती घिरट्या घालताना दिसली. खिसेकापू असणार म्हणून धरली, तर गळ्यात ओळखपत्रं. कुठल्याशा बँकेच्या वतीनं थकबाकी वसूल करणारी एजन्सी. मी त्यांना खास आवाजात सुनावलं, “देवीच्या यात्रेत वसुली? चला, निघा!” आणि बसमध्ये बसवून दिलं. कुणाकडं आला होता, एवढं विचारायचं मात्र राहिलं. त्या दिवशी जो तपास मी स्वतःच्या हातानं बसला लावून दिला, तोच मला पुढं दोन दिवस धावायला लावणार होता.

यात्रेच्या मुख्य दिवशी फिर्याद आली. फिर्यादी त्या घराण्यातला धाकटा भाऊ, बेळगावात एका फाउंड्रीत सुपरवायझर. बायकोनं दागिने घालायला कपाट उघडलं तर डबा रिकामा. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मी घरी गेलो. नवा रंग, नवा सोफा, तो टीव्ही आणि आतल्या खोलीत एसी. आदल्याच दिवशी याच माणसाच्या मांडवात मी जेवलो होतो आणि घरी जाऊन त्याच्या थाटाबद्दल कुरकुर केली होती. त्यावर आमची ही म्हणाली होती, “फाउंड्रीतला माणूस असा राहतो, आणि तुम्ही साहेब!” तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता. पण सलणारा माणूस मोठाही वाटतो. एवढ्या थाटाचा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी माझ्या खबऱ्यानं, म्हणजे कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं, कानात सांगितलं, “साहेब, थोरला भाऊ काल एकटाच त्या आतल्या खोलीत गेलता. दार लोटून घेतलं हुतं. धाकट्यावर लई जळतोय त्यो, सगळ्या गावाला ठावं हाय.”

संधी होती, हेतू होता. थोरल्याला ठाण्यात आणलं. दोन एकर ऊस, एक जुना टेंपो, टकलावर घाम. मागोमाग गावची पंचमंडळी दारात. त्यांची अडचण वेगळीच होती. शेवटच्या दिवशी देवी गावच्या सीमेकडं निघते, तेव्हा रथापुढं पहिली आरती धरायचा मान याच घराण्यातल्या थोरल्याचा. पंचांतला म्हातारा म्हणाला, “चोर असंल तर आरती त्याच्या हातात देता येत न्हाय साहेब. मग मान धाकट्याकडं जाणार. देवी सीमेला जायच्या आत काय ते सांगा.”

हे ऐकून थोरल्याचा चेहरा असा पडला, की जेल त्याला बरा वाटला असता.

मी चौकशी सुरू केली. “खोलीत कशाला गेला होता?”

“एसी बघाय.”

“काय?”

“एसी बघाय गेलतो साहेब. हात लावून बघितला. लई गार हुता. मग जरा खाली बसलो. दार लोटलं, गारवा जाऊ नये म्हणून.”

हवालदार हसला. मी टेबलावर हात आपटला. “भावावर जळतोस ना?”

“व्हय.” त्यानं एका क्षणात कबूल केलं. “लई जळतो. झोप येत न्हाय मला. पर जळणारा माणूस चोरी कशाला करंल? चोरी केली तर त्याचं कमी हुईल, मग जळायचं कशावर?”

नोकरीत इतकी वर्षं मी कबुलीजबाब ऐकले, पण असा युक्तिवाद एकाही वकिलानं केला नव्हता. मी खुर्ची पुढं ओढली. “बरं, मग सांग, भावाचं काय काय बघितलंस?”

धरण फुटावं तसा माणूस सुटला. टीव्ही कुठल्या सणाला आला, सोफा कुठल्या टेंपोतून उतरला, रंगाचे डबे कुठल्या कंपनीचे. “सगळं कार्डावर घेतोय साहेब. असं दाखवतो, मशीन टिंग करतंय. मी म्हटलं, ह्याला दुकानदार फुकट देत्यात काय! मग त्या शर्ट खोचलेल्या पोरांचं येणं सुरू झालं. ती आली की ह्यो मागल्या दारानं उसात. मला फोन येत्यात, ‘तुमच्या भावाला पैसे भरायला सांगा.’ माझा लंबर दिलाय त्यानं! मी म्हटलं, हा मोठ्या लोकांचा काय तरी व्यवहार असंल.”

शर्ट खोचलेली पोरं म्हटल्यावर मी पाणी मागितलं.

“आणि परवाच्या शिमग्याच्या आधी त्यो सुट्टी टाकून निपाणीला गेला,” थोरला म्हणाला. “मी मागच्या बसनं गेलो.”

“तू कशाला?”

“जळून. त्यो सोनाराच्या दुकानात शिरला. बेळगावात काय सोनारं मेलीत? म्हटलं, गुपचूप आणखी सोनं करतोय. घरी येऊन बायकोला सांगितलं, धाकटीला आणखी एक हार झाला बघ. दोन दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं न्हाय.”

मी आणि हवालदार एकमेकांकडं बघत राहिलो. हा माणूस पाळत ठेवण्यात आमच्या अख्ख्या स्टाफपेक्षा सरस होता. फक्त त्यानं जे बघितलं होतं ते उलट वाचलं होतं. सोनाराच्या दुकानात माणूस घ्यायलाच जातो असं थोडंच आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निपाणीला. सोनारानं धाकट्याचा फोटो ओळखला. मोहनमाळ, पाटल्या, बोरमाळ, सगळं त्यानं विकत घेतलं होतं आणि रीतसर पावती दिली होती. दुपारी धाकट्याला बायकोसह ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, “निपाणीला काय काम निघालं होतं?”

त्यानं कप बशीत ठेवला. मग सगळं बाहेर आलं. यात्रेत अण्णाचा मान, अण्णाची आरती, आपलं काय? म्हणून घर असं करायचं की लोकांनी आरती विसरावी. बिल आलं की नुसतं मिनिमम भरायचं. वर राहिलेल्यावर व्याज, उशिराचा दंड, दंडावर पुन्हा व्याज. पहिलं कार्ड भरायला दुसरं काढलं. मग दोन्ही थकली. फोन कामावर जायला लागले, गेटवर माणसं उभी राहायला लागली. पगार ज्या बँकेत जमा व्हायचा, कार्डही त्याच बँकेचं, तिनं खात्यातूनच रक्कम वळती केली. तेव्हा त्यानं डबा उचलला. आणि यात्रेत बायको दागिने मागणार म्हटल्यावर चोर तयार ठेवला. अण्णा खोलीत गेल्याचं पानवाल्याच्या कानावर त्यानंच घातलं होतं.

बायको ऐकत होती. मला वाटलं आता रडेल. तिनं विचारलं, “सोनं गेलं. मग कार्ड तरी फिटलं काय?”

“न्हाय.”

“आणि नाव भावजींचं घातलंसा?”

खरं तर कार्डाचं बिल थकलं म्हणून पोलीस कुणाला धरत नाहीत. तो दिवाणी मामला. एजंटांनी धमकावलं असतं तर मी त्यांनाच आत बसवलं असतं. त्यानं पहिल्या फोनलाच बँकेत जाऊन हप्ते पाडून मागितले असते, तर माझ्याकडं यायची पाळीच आली नसती. ठाण्याची पायरी त्याला कर्जानं नाही चढवली, लपवाछपवीनं चढवली. मी ‘बी रिपोर्ट’, म्हणजे खोट्या फिर्यादीचा अहवाल, तयार करून कोर्टात पाठवला. पुढं त्याला दंड झाला. बँकेशी तडजोड झाली, पण त्याची कर्जफेडीची नोंद अशी बिघडली की नंतर साध्या स्कूटरच्या कर्जालाही त्याला नकार मिळाला, असं कानावर आलं. टीव्ही, सोफा, एसी, सगळं निम्म्या किमतीत गेलं. टीव्हीची किंमत मी चौकशी म्हणून विचारली होती. फक्त चौकशी.

या केसनं मला एक शिकवलं. गुन्ह्याच्या जागी मत्सर दिसला की आम्ही पोलीस त्याला हेतू म्हणून लिहून मोकळे होतो. पण मत्सर करणारा माणूस समोरच्याला आईबापांनीही बघितलं नसेल इतकं बारीक बघतो. त्याला संशयितांच्या बाकावरून उठवून साक्षीदाराच्या खुर्चीत बसवावं. फक्त त्यानं काढलेला अर्थ घेऊ नये. माझाही घेऊ नये. मी टीव्ही मोजत बसलो होतो.

देवी सीमेकडं निघाली तेव्हा मी बंदोबस्ताला रथाशेजारीच होतो. पंचांनी आरती थोरल्याच्या हातात दिली. भंडाऱ्यानं सगळा रस्ता पिवळा झाला होता, हलगी घुमत होती. मला वाटलं, आता तरी याची छाती फुगेल. त्याचं लक्षच नव्हतं. तो मान वळवून गर्दीच्या कडेला बघत होता. तिथं धाकटा मान खाली घालून उभा होता आणि त्याची बायको, गळ्यात फक्त काळे मणी, त्याला खेटून उभी होती. लोक बघत होते, तरी ती हलली नव्हती.

थोरला माझ्या कानाशी आला. “बघा साहेब. एवढं सगळं करूनबी ती त्याच्याशेजारी उभी हाय. माझी असती तर कवाच माहेरी गेली असती.”

“आधी आरती सांभाळा,” मी म्हटलं, “वात विझायला लागलीय.”