महाधमनीच्या मागे बोट

सर गेल्याची बातमी मला कॉलेजच्या ऑफिसातून फोनवर कळली, ती अशी: "मॅडम, कारखानीस सर गेले. बॉडी आपल्याकडेच यायचीय. फॉर्मॅलिन पुरेसं आहे का, बघून सांगता?" मी कोपरखैरण्याच्या घरात ओट्यापाशी उभी होते, हाताला कणीक लागलेली. रिसीव्हरलाही ती लागली. फोन करणाऱ्या क्लार्कला मी नावं ठेवत नाही. शरीररचनाशास्त्राच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने देहदान केलं असेल तर त्याच्या मरणाची बातमी याच शब्दांत येणार. सरांनी ऐकली असती तर म्हणाले असते, "या ऑफिसने पहिल्यांदा मुद्द्याचं काहीतरी विचारलं."

मग शोकसभा झाली. आमच्या कॉलेजात शोकसभा घेण्याची हौस दांडगी. जिवंत माणसाला बसायला धड खुर्ची देत नाहीत, पण मेला की फोटोला चंदनाचा हार. सगळे बोलले. सर ऋषितुल्य होते, सर विद्यार्थ्यांवर पोटच्या पोरांसारखं प्रेम करायचे... मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मला शिसारी येत होती. सर ऋषितुल्य नव्हते. तिरसट होते, कुजकट बोलायचे, कॉलर मळेपर्यंत एकच शर्ट घालायचे आणि कुणावरही प्रेमबिम करायचे नाहीत. विद्यार्थ्यांना ते नावाने हाक मारत नसत, "ए पुस्तक" म्हणत. "ए पुस्तक, तू सांग." पोरं रडायची. आणि आता ती पोरं डॉक्टर होऊन, गळ्यात टाय बांधून माइकसमोर डोळे पुसत होती. या पुरवणीच्या संपादकांनी तेव्हाच लेख मागितला होता. मी दिला नाही. इतकी चिडले होते की लेखाऐवजी शिव्याच उतरल्या असत्या. आता काही महिने गेलेत. शिव्या थोड्या कमी झाल्यात, बघू.

सरांशी माझं पहिलं बोलणं ते भांडणच. मी साताऱ्याकडून येऊन नवी लागलेली लेक्चरर, खाडीकाठचं आमचं खासगी कॉलेजही नवंच. सर दुसरीकडून निवृत्त होऊन इथे आलेले, खांदेश्वरला एकटेच राहायचे. पहिल्याच आठवड्यात मी विद्यार्थ्यांना पोटाचं डिसेक्शन दाखवत होते आणि शिकल्याप्रमाणे आधी शिरा काढून टाकत होते. बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. मृतदेहातल्या शिरा काळपट, गुठळ्यांनी भरलेल्या असतात. त्या आड आल्या की धमन्या नीट दिसत नाहीत. म्हणून शिरा कापायच्या, बादलीत टाकायच्या, मग धमन्या कशा सुरेख दिसतात. आम्ही याला 'टेबल साफ करणं' म्हणतो. मी ज्या कॉलेजात शिकले तिथेही हेच, आमच्या गुरूंच्या गुरूंनीही हेच केलं. सर मागे येऊन उभे राहिले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "बाई, यातली डाव्या मूत्रपिंडाची शीर कुठून जात होती?" मी म्हटलं, "महाधमनीच्या पुढून, सर." "बघितलीत?" "नॉर्मली पुढूनच जाते, सर." "मी विचारलं, बघितलीत? की झाडलोट करून टाकलीत?" सगळ्या वर्गासमोर... मला इतका राग आला की दुपारी डबासुद्धा खाल्ला नाही.

पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते त्यांनी मला नंतर फळ्यावर खडूने काढून दाखवलं, अर्थात मी ठार मूर्ख आहे हे गृहीत धरूनच. आईच्या पोटात बाळाच्या शिरा आधी खूप असतात. डावीकडे, उजवीकडे, महाधमनीच्या, म्हणजे मणक्यापुढून उतरणाऱ्या मुख्य धमनीच्या, पुढून, मागून, सगळीकडून वाटा. मग बहुतेक बुजतात, थोड्या राहतात, आणि उरतं ते चित्र पुस्तकात छापलेलं असतं. काही माणसांमध्ये मात्र बुजायची ती वाट बुजतच नाही. कुणाची पोटातली मोठी शीर, आयव्हीसी म्हणतो आम्ही तिला, उजवीकडे असायची ती डावीकडे असते. कुणाला दोन असतात. कुणाच्या डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनीच्या मागून जाते, तर कुणाची पुढून एक, मागून एक, अशी तिला विळखा घालून. त्या माणसाला याचा काही त्रास नसतो. तो जेवतो, झोपतो, म्हातारा होतो. त्रास होतो तो सुरी हातात घेतलेल्याला. पुढची शीर बांधून तो निश्चिंत होतो, मूत्रपिंड उचलायला जातो आणि मागची फाटते. ते रक्त मणक्याला लागून, खोल खड्ड्यात साठतं. कुठून येतंय तेही दिसत नाही. "आणि ही माणसं," सर डिसेक्शन हॉलकडे खडू रोखून म्हणाले, "शिकतानाच शिरा बादलीत टाकतात. मग म्हणतात, आम्हाला तर असलं कधी दिसलंच नाही. कसं दिसेल?"

सरांची एक सवय होती. कुठल्याही टेबलापाशी आले की ते तर्जनी वाकडी करून महाधमनीच्या मागे घालायचे, मणक्यापर्यंत, आणि हळू खाली सरकवायचे. काही बोलायचे नाहीत. बोट काढायचे, पुढच्या टेबलाकडे जायचे. कुणी 'नॉर्मल' हा शब्द उच्चारला की मग तोंड उघडायचे: "मागे बोट घातलंस का? मग नॉर्मल म्हणू नकोस. वाचलं म्हण." स्टाफरूममध्ये या बोटाची नक्कल व्हायची. आमचे सर्जन डॉ. राजाध्यक्ष तर चहा ढवळतानाही ती करून दाखवायचे आणि सगळे खो-खो हसायचे. राजाध्यक्षांबद्दल काय सांगू? हात चांगला होता, हे मान्य. पण कमरेला पेजर लावून असे चालायचे की जणू सगळं बेलापूर त्यांच्या पेजरवर जगतंय.

यशोदाबाई खाडीकाठच्या दिवाळे गावची कोळीण. आमच्या कॉलेजच्या मागल्या रस्त्याला सकाळी पाटी घेऊन बसायची, मी तिच्याकडूनच मासळी घ्यायचे. डाव्या कुशीत वर्षानुवर्षं दुखायचं, ती शेकून, लेप लावून काढत राहिली. शेवटी दाखवलं तेव्हा मुतखड्यांनी डावं मूत्रपिंड पार निकामी झालेलं. काढायचं ठरलं, आमच्याच हॉस्पिटलात, राजाध्यक्षांकडे. घरी नवरा अधू, धाकटीचं लग्न ठरलेलं, सगळं घर हिच्या पाटीवर. एके दिवशी तिने सीटी स्कॅनचं पाकीट माझ्या हातात कोंबलं. "बाय, यो फोटू तुजे म्हाताऱ्या डाक्टरला दाखव. तुमचा यो मोठा डाक्टर मानसाकडं बगत नाय, फायलीकडं बगतं. माज्या मागं माजी पाटी कोन उचलनार हाय?" मी म्हटलं, म्हातारे डॉक्टर मेलेल्यांचे आहेत, जिवंतांचे नाहीत. ती म्हणाली, "म्हून तर. त्याला घाई नसंल."

सरांनी ती फिल्म खिडकीवर धरली. रिपोर्टमध्ये रक्तवाहिन्या नॉर्मल असं लिहिलेलं. सर एकेका चौकटीवरून खाली येत गेले आणि एका ठिकाणी नख टेकवलं. महाधमनीच्या पुढून शीर चाललेली, ती मलाही दिसली. मग नख दोन चौकटी खाली गेलं. तिथे महाधमनी आणि मणका यांच्या मध्ये आणखी एक फिकट पट्टा. "विळखा आहे," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच आनंद ऐकला, आणि मला त्यांचाही राग आला. एका बाईच्या जिवाशी गाठ होती आणि हे खूश! मी तसं बोलून दाखवलं. ते चमकले. फिल्म पाकिटात घातली, चपला अडकवल्या आणि थेट राजाध्यक्षांच्या केबिनकडे निघाले. मी मागून.

राजाध्यक्षांनी फिल्म दिव्यावरसुद्धा लावली नाही. "सर, रेडिओलॉजिस्ट नॉर्मल म्हणतायत. आणि राग मानू नका, तुमच्या पेशंटना रक्त येत नाही. आमच्याकडची गोष्ट वेगळी असते." सर म्हणाले, "माझ्या पेशंटना रक्त येत नाही म्हणून मला शीर दिसते. तुम्हाला रक्त दिसेल. मग शीर शोधत बसा." राजाध्यक्ष हसले. "टेन्शन घेऊ नका सर, अशा किडन्या रोज काढतो मी." तेव्हा सरांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे मान तुकवली नव्हती. ते म्हणाले, "मला ऑपरेशनला उभं राहू द्या. विनंती करतो." शब्द असा बाहेर आला, जणू घशात काटा अडकलाय. राजाध्यक्षांनी मोठ्या मनाने खांदे उडवले.

मीही भिंतीला टेकून उभी होते. सरांना हिरवा गाऊन ढगळ झाला होता आणि टोपी भुवयांवर आली होती, नर्सा एकमेकींकडे बघत होत्या. राजाध्यक्षांनी पुढची शीर सफाईने बांधली, कापली, आणि मूत्रपिंड वर घ्यायला हात घातला. "थांबा," सर म्हणाले. "महाधमनीच्या मागे बोट घाला. ओढू नका. नुसतं घाला." राजाध्यक्षांनी भूलतज्ज्ञाकडे बघून डोळा मारला, म्हाताऱ्याची समजूत काढायची म्हणून बोट घातलं... आणि त्यांचा चेहरा बदलला. मास्कच्या वर डोळेच दिसतात, पण पुरे होतात. बोट तसंच ठेवून त्यांनी हळू आवाजात दुसरा चिमटा मागितला. मागची शीर चांगली करंगळीएवढी जाड होती. ओढली असती तर टेबलावरच सगळं संपलं असतं. ती बांधली गेली. सर टोपी काढून बाहेर निघून गेले. कुणी त्यांना थँक्यू म्हटलं नाही. मी मात्र तिथल्याच स्टुलावर बसले.

यशोदाबाई बरी होऊन पाटीवर बसली, धाकटीचं लग्नही पार पडलं. सरांना ती एक मोठा पापलेट घेऊन भेटायला आली. सर म्हणाले, "मी मासे खात नाही. आणि तुमची किडनी मी काढली नाही." ती म्हणाली, "मंग बग तरी. ताजा हाय." सरांनी खरंच त्याचा कल्ला उचलून बघितला. आत काय आहे ते बघा म्हटल्यावर या माणसाला नाही म्हणता येत नसे.

आता शोकसभेकडे परत येते, कारण माझा संताप तिथेच आहे. राजाध्यक्ष माइकवर आले. घसा साफ केला आणि म्हणाले, "एका ऑपरेशनच्या वेळी माझ्या बोटांना अचानक शंका आली. मी थांबलो. मागे दुसरी शीर होती. पुढे हा दुर्मीळ किस्सा मी कारखानीस सरांना सांगितला, तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता!" टाळ्या. शोकसभेत टाळ्या. माझ्या शेजारी यशोदाबाई बसली होती. ती ज्यांच्या हाताखालून गेली त्या राजाध्यक्षांनी तिला ओळखलंही नव्हतं. ती मला म्हणाली, "बाय, मी तवा बेसुद होती. पन तू तर जागी होतीस कना?" मी उठले आणि शेवटच्या रांगेतूनच सगळं सांगितलं. माइक नव्हता, पण माझा आवाज साताऱ्याचा आहे. नंतर दोन मिनिटांचं मौन पाळायचं होतं, ते त्याआधीच सुरू झालं.

सरांनी मागे एकच इच्छा ठेवली होती, ती मला तोंडी सांगितलेली. "मला खिडकीकडच्या टेबलावर घ्या. आणि माझ्या शिरा बादलीत टाकायच्या नाहीत. नाहीतर मी विनाकारण मेलो असं होईल." आता हॉलवर नवे विभागप्रमुख आहेत. प्लॅस्टिकची मॉडेल्स मागवली आहेत त्यांनी, त्यात शीर निळी, धमनी लाल, सगळं पुस्तकाबरहुकूम, पुसून ठेवलेलं. परीक्षा जवळ आली तशी त्यांनी फर्मान काढलं: सगळी टेबलं साफ करा, बाहेरच्या परीक्षकांना धमन्या दिसल्या पाहिजेत. मी खिडकीकडच्या टेबलापुढे उभी राहिले आणि म्हटलं, हे होणार नाही. "मॅडम, भावना समजू शकतो, पण..." म्हटलं, भावना तुमच्याकडेच ठेवा, इथे शिरांचं बोलणं चाललंय. ते वैतागले, पुढे झाले, सरांच्या पोटात बघितलं. आतडी बाजूला घेतलेली होती. डाव्या मूत्रपिंडाची शीर महाधमनीच्या पुढून सरळ उजवीकडे जाऊन आयव्हीसीला मिळाली होती. छापील चित्रासारखी. "बघा," ते म्हणाले, "नॉर्मल आहे. यात जपून ठेवण्यासारखं काय आहे?"

मी खरं सांगते, माझा जीव चरकला. ज्या माणसाने जन्मभर पुस्तकाला तुच्छ लेखलं तो आतून पुस्तकासारखाच निघावा? माझी फार इच्छा होती की मागून दुसरी असावी. बारीकशी तरी असावी. मी ग्लोव्ह चढवला. विभागप्रमुख बघत होते, पोरं बघत होती. तर्जनी वाकडी केली, सरांच्या महाधमनीच्या मागे घातली, मणक्यापर्यंत, आणि हळू खाली सरकवली. कमरेच्या बारीक धमन्यांच्या चार जोड्या लागल्या. बाकी काही नव्हतं. पुन्हा वरपासून खालपर्यंत नेली... काही नव्हतं.

"आता नॉर्मल म्हणा," मी विभागप्रमुखांना म्हटलं. बादली पायाने टेबलाखाली सारली, आणि पोरांना एकेक करून पुढे बोलावलं, बोट घालायला.