सासऱ्यांच्या न्हाणीवरच्या न गंजणाऱ्या सळया

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागायचा आणि मला बोल लावाल. मी किती पाण्यात आहे ते अख्ख्या जांबोटीला कसं कळलं, त्याचा हा किस्सा!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी टिळकवाडीत एका कंत्राटदाराकडं सुपरवायझर. नवं लग्न झालेलं, डिप्लोमाची हवा डोक्यात गेलेली. तिकडं जांबोटीला सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, नवी न्हाणी बांधायला काढली. जुन्या न्हाणीच्या स्लॅबातलं लोखंड पावसानं गंजून फुगलेलं. खपल्या थेट अंघोळीच्या बादलीत पडायच्या. पावसाळ्याआधी नवा स्लॅब व्हायलाच हवा होता.

मी म्हटलं, आप्पा, लोखंड सोडा! पुण्यात माझा दोस्त फायबरग्लासच्या कारखान्यात होता, त्याच्याकडनं सळयांचा भारा आणला. गंजत नाहीत, विजेचा धक्का देत नाहीत, आणि हलक्या तर लईच. अख्खा भारा एका खांद्यावर घेऊन मी गावातनं मिरवत गेलतो. आप्पा शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सळया दाखवत होते. माझी छाती फुगणार नाही तर काय होणार, सांगा?

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, मागं परड्यात सगळ्यांसाठी जेवण रटरटत होतं. काकतीचा यल्लाप्पा गवंडी तारेचं भेंडोळं घेऊन आला. म्हणाला, "सायेब, ह्या लई हलक्या हाईत. तारेनं खालच्या फळ्यांना बांधून घिऊ या."

मी त्याला झापलं. न गंजणाऱ्या सळईला गंजणारी तार? नुसत्या मांडा म्हटलं. तो आप्पांकडं बघाय लागला. आप्पांनाही तार हवी होती, तोंडावर दिसतच होतं. पण नव्या जावयाचा शब्द आमच्याकडं कोण मोडतंय?

"पाव्हणं म्हणत्यात तसं कर," आप्पा म्हणाले.

काँक्रीट ओतलं, ते दाबून बसावं म्हणून यल्लाप्पानं ठोकायला घेतलं. ठोकलं की एक सळई वर! ती दाबली की शेजारच्या दोन वर! मी चपला काढून चढलो. एकीवर उजवा पाय, दुसरीवर डावा, आता तिसरीला पाय कुठनं आणू? सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. बायको तर माझ्याकडं बघायलाच तयार नव्हती. आणि एवढं होऊनही यल्लाप्पा आपला ठोकतोच आहे, हो! शेवटी मीच म्हटलं, काढा बाबांनो. माल घट्ट व्हायच्या आत सगळा फावड्यानं खाली ओढला. त्यावर कडी म्हणजे, जेवताना आप्पांनी मलाच आग्रह करकरून वाढलं.

सळईत खोट नव्हती बरं का. हलकी म्हणून ती ओल्या काँक्रीटात तरंगते, तिला बांधूनच ठेवायला लागतं, हे दोस्तानं मला नंतर सांगितलं.

आठ दिवसांनी आप्पा टिळकवाडीला आले. चहा घेतला, इकडचंतिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, रविवारी लोखंड घालून स्लॅब वततोय. जेवायला यायाच पायजे."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, सकाळच्या पहिल्या बसनं येतो.

आप्पा दचकले. "सकाळी नगं. दुपारच्या बसनं या."

"आप्पा, जांबोटीला दुपारची बस कुठाय?"

"व्हय की," आप्पा म्हणाले. "मग सोमवारी या. तुमचं ताट राखून ठिवतो."