पाटीखालचा बाक

इंदूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, मनमाडला होते. फोन संजयदादाचा, मावशीच्या मुलाचा. मी ओरडलेच, "अशी कशी गेली? परवा तर म्हणालास, अल्सर आटोक्यात आहे!" दादा म्हणाला, "अल्सर नव्हता गं. कॅन्सर होता. आम्हाला दिवाळीआधीच कळलं होतं." समोर आई मेथी निवडत बसली होती. तिची सख्खी धाकटी बहीण गेली होती, आणि ती कशानं गेली हे मलाच आत्ता कळत होतं. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, राग सोड, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिही. मावशीबद्दल चांगलंच लिहिणार आहे. राग आहे तो बाकीच्यांवर.

नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूला मावशीचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध. सकाळची तोडणी झाली की ती पंचवटीत देवळाच्या गल्लीत टोपली घेऊन बसायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ही आधी सांगणार, "ती कालची हायेत बरं का, देवाला नाय चालायची. तोरणाला न्या." शेजारच्या बायका तिला वेड्यात काढायच्या. कॉलेजला असताना मी तिच्याकडेच राहायचे, त्यामुळे तिचा हा खरेपणा माझ्याही वाट्याला यायचा. स्थळ बघायला येणार म्हणून मी नटले, तर म्हणाली, "तो रंग तुला शोभत नाय. दुसरं नेस." मी रुसले, आणि दुसरी साडी नेसले.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत काका, म्हणजे मावशीचे यजमान, आजारी पडले. डॉक्टरांनी मावशीला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, फार दिवस नाहीत, पण यजमानांना कळू देऊ नका, धीर सोडतील. मावशीनं त्याच संध्याकाळी, ताटात भाकरी वाढता वाढता, काकांना सगळं सांगितलं. काका न जेवता उठले. पण दुसऱ्या दिवशी उठून ते बांधावरून भांडलेल्या भावाच्या घरी चहाला गेले! मग वणीला जाऊन गडावरच्या देवीचं दर्शन घेतलं, दादाला मळ्यातलं सगळं शिकवलं. जाताना कुणाशी अबोला ठेवला नाही. सासरची मंडळी मावशीवर तुटून पडली, कसली बाई म्हणावी ही! मावशी एवढंच म्हणाली, "मरायचं एकानं, आन् ठावं सगळ्या गावाला. ही कुठली रीत?"

अबोला होता तो मावशीचा आणि माझ्या आईचा. माझ्या भावाच्या लग्नाला मावशी स्वतः ओवलेले निशिगंधाचे हार घेऊन सकाळच्या गाडीनं मनमाडला आली होती. मुलीकडच्यांनी दुकानातून झगमगते हार आधीच आणले होते. लगीनघाईत आई बोलून गेली, "राहू दे ते बाजूला." मावशी हार उचलून तशीच स्टेशनवर गेली, जेवलीसुद्धा नाही. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं नाव टाकलं. मी दोघींत निरोप्याचं काम करायचे. मी नाशिकला सासरी आल्यावर तर मावशी दर भेटीत विचारायची, "तुझ्या आईचे गुडघे कसे हायेत?" आणि मी काही सांगू लागले की म्हणायची, "मला काय करायचंय म्हणा."

मग ही पोटदुखी. दादा तिला एका मोठ्या, नव्या, चकचकीत हॉस्पिटलात घेऊन गेला, सोबत मी. तपासणीचे रिपोर्ट आले त्या दिवशी केबिनच्या दारातून डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्ही बाहेर बसा. नातेवाइकांपैकी एकजण आत या." दादा आत गेला. मावशीनं दारातच विचारलं, "डॉक्टरसाहेब, दुखतंय मला. त्याला काय सांगता?" डॉक्टर हसले. "तुम्ही काळजी करायची नाही. जेवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं." दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. वर भिंतीवर मोठी पाटी, 'रुग्णांचे हक्क'. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर अक्षर लावत तिनं मोठ्यानं वाचलं, "रुग्णाला... आपल्या आजाराची... संपूर्ण माहिती मिळण्याचा हक्क आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, मग मी बाहेर काय करते?" बाकावरची माणसं हसली. मीही हसले. तेवढ्यात दादा बाहेर आला. डोळे लाल. म्हणाला, अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल. मला शंका आली म्हणून मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर त्यानं गडावरच्या देवीची शपथ घेतली!

मावशी खंगत गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, आता उतार पडेल. आणि प्रत्येक वेळी ती मला म्हणायची, "बरी झाले की मनमाडला जाते. ताईला हार घालते एकदाचा, बघू कशी बाजूला ठेवती. पण दुखणं घेऊन नाय जायची तिच्या दारात. तिला वाटंल, कीव मागाया आली." मी दादाला म्हटलं, मी माझ्या आईलाच इकडे घेऊन येते रविवारी. दादा घाईघाईनं म्हणाला, "आत्ता नको. आईला त्रास होईल. बरी होऊ दे."

खरं कारण त्यानं दहाव्याला सांगितलं. म्हणाला, "इतक्या वर्षांनी तुझी आई अचानक दारात उभी राहिली असती, तर माझ्या आईनं लगेच ओळखलं असतं की आपलं काही खरं नाही." म्हणजे बहीण भेटायला आली तर गुपित फुटेल, म्हणून बहीण भेटू द्यायची नाही! आणि वर, "तिला सहन झालं नसतं गं." काय सहन झालं नसतं? नवऱ्याला मरण स्वतःच्या तोंडानं सांगणारी बाई ती. सहन होत नव्हतं ते तुम्हाला. तिच्यासमोर बसून रडायची तुमची हिंमत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांत बघून बोलायची त्या डॉक्टरांची. तिनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? उरलेले महिने तिचे होते. ते तुम्ही परस्पर वापरलेत. डॉक्टर मंडळी आता सभांमधून रुग्णाशी संवाद कसा साधावा यावर भाषणं करतात म्हणे. करा. पाट्याही लावा. कालची फुलं आजची म्हणून खपवायला हरकत नाही.

मागच्या आठवड्यात आई नाशिकला आली. मावशीच्या घरी नाही गेली. म्हणाली, "ती बसली होती तिथं ने." हॉस्पिटलच्या त्या बाकावर आई बसली. चष्मा लावून तिनं पाटी पहिल्यापासून वाचली. केबिनचं दार उघडत होतं, मिटत होतं, कुणाची तरी म्हातारी बाहेर बसत होती, मुलगा आत जात होता. आई उठायचं नाव घेईना. शेवटी एक नर्स आली. "आजी, तुमचा पेशंट कोण?"

"माझी धाकटी बहीण," आई म्हणाली.

"कुठे आहेत त्या?"

आईनं दाराकडे बोट केलं. "तिला तुम्ही आत घेतलंच नाही."