कॉलनीभर थांबलेले नाना

परवा माळ्यावरून जुना व्हीसीआर खाली काढला आणि तापलेल्या धुळीचा तो वास पुन्हा आला, पिंप्राळ्यातल्या आमच्या केबलच्या खोलीचा. नवरा वायरी ओढत गच्च्यांवरून फिरायचा आणि दुपारचं लोकल चॅनल मी सांभाळायचे. लोक कुणाच्या लग्नाची, कुणाच्या जावळाची कॅसेट आणून देत, मी ती लावायचे आणि सगळी कॉलनी जेवणं आटोपून घरचंच कार्य असल्यासारखी पाहत बसायची. एका दुपारी समोरच्या गल्लीतल्या अक्का लेकीच्या लग्नाची कॅसेट पदराखाली घेऊन आल्या. त्यांचे यजमान, अख्ख्या कॉलनीचे नाना, जाऊन महिनाही झाला नव्हता. घरी टीव्ही असून त्या माझ्याजवळच सतरंजीवर बसल्या. बाहेर पांढरं ऊन, आत कूलरच्या वाळ्याचा ओला गंध, पडद्यावर पंगत. बट्टीवर तूप वाढता वाढता नानांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं, तसा अक्कांनी माझा हात धरला. “आठेच थांबाड ना माय, जराखं देखू दे.” मी बटण दाबलं. व्हीसीआर एकच, अक्कांसाठी थांबवला म्हणजे सगळ्यांसाठी थांबला. घराघरांत नाना तुपाचं भांडं हातात धरून हलके थरथरत उभे राहिले. फोन माझ्या गुडघ्याशीच होता. एरवी चित्राला जरा मुंग्या आल्या तरी तो खणखणायचा. अक्कांचं पाहून होईपर्यंत मी धास्तावून त्याच्याकडेच बघत होते. आता मुलगा फायबर देतो, आणि चित्र क्षणभर अडकलं तरी लोक शिव्या घालतात. त्या दुपारी एकही फोन वाजला नाही.