पहिला बार कानाला

माझी लेक शारदा जिवंत आहे ती ठासणीवाल्या आबांमुळे. हे आधी सांगते आणि मग बाकीचं, कारण माझ्या सांगण्यात मागचं पुढं होतं आणि घाईत माणसाचं नावच राहून जातं. आज मी सुरतेत राहते. गावापासून इतकी लांब की बंदुकीच्या दारूसारखा वास इथं फक्त दिवाळीला येतो. तो आला की आबा आठवतात, आणि मी उठून नातवंडं घरात आहेत ना ते बघून येते.

आबांचा उजवा कान पार गेलेला होता. नळीत वरून दारू आणि छर्रे घालून गजानं ठासायची, तसली जुनी बंदूक त्यांनी जन्मभर त्याच कानाशी वाजवली. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडून जावं लागे. रानडुकरं, कोल्हे, हरणं पिकात शिरली की ज्याच्या त्याच्या रानातून आबांना बोलावणं येई, आणि ती उंच बंदूक खांद्यावर टाकून आबा निघत. सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर दाणे त्यांच्या घरी जात. घरात ते एकटेच. बायको मी गावात सून म्हणून येण्याआधीच गेलेली.

पण आबांनी मारलेलं जनावर पाहिलेली माणसं गावात थोडीच. आधी ते नुसती दारू ठासत, छर्रा नाही. बांधावर उभं राहून ओरडत, "जा बाबांनो, बार काढतोय!" मग आभाळाकडं एक बार. "पयला बार कानाला, दुसरा अंगाला," असं त्यांचं ठरलेलं. दुसऱ्याची वेळ क्वचित येई. माझ्या सासऱ्यांनी एकदा चिडवलं, "आबा, डुकराला सांगावा धाडता व्हय?" आबा म्हणाले, "सोयरं दारात आलं तरी आदी खाकरावं लागतं. ह्ये तर मुकं जनावर."

मी पाटपाण्याच्या मुलखातली, श्रीरामपूरकडची. पाचवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन या कोरड्या तालुक्यात आले. वाहत्या पाटाची सवय असलेल्या पोरीला इथली विहीर बघूनच धडकी भरली होती. वाचता येतं म्हणून आबा मला 'मास्तरीन' म्हणत. मला आधी ती थट्टा वाटली, पण त्यांच्या मनात थट्टा नव्हती. सरकारी कागद आला की ते माझ्या ओसरीवर येऊन डावा कान पुढं करत. मी ओरडून वाचायची, आणि अख्खी आळी ऐकायची. "आबांचं टपाल आलं," म्हणत बायका घागरी खाली ठेवून थांबायच्या.

त्या बंदुकीचा परवाना पीकसंरक्षणाचा होता. अट अशी, की पीक उभं आहे तोवर बंदूक घरी, पीक निघालं की पोलीस चौकीत जमा. दर साली आबा ती फडक्यात गुंडाळून, लेकीला सासरी पोचवावं तशी पोचवून येत आणि हंगामाला परत आणत. बहात्तर साली पेरलेलं उगवलंच नाही. पीक नाही, म्हणून बंदूकही घरी आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सारं गाव दुष्काळी कामावर होतं. पाझर तलावाचं काम. आम्ही बाया घमेल्यानं माती भरावावर नेऊन टाकायचो, आणि तान्ही लेकरं खाली ओढ्याच्या काठी, बाभळींना बांधलेल्या झोळ्यांत. माझे मालक खडी फोडायला दुसरीकडं गेलेले. मेंढपाळ कळप घेऊन पाण्याच्या मागं निघून गेले होते, मागं लांडगे राहिले. रोहिण्या लागायच्या सुमारास बातमी आली, की शेजारच्या वाडीत एका पिसाळलेल्या लांडग्यानं भर दुपारी गुराख्याला फोडलं. त्या दिवसापासून माझं घमेलं जड झालं. दर खेपेला मी मान वळवून शारदेची झोळी बघायची. मुकादम म्हणायचा, "ए बाई, म्होरं बघ, पडशील."

"आबा, बंदूक सोडवून आणा," सगळे म्हणाले. कागद लिहायला मला बरोबर घेऊन आबा तालुक्याच्या कचेरीत गेले.

अर्जात एक रकाना होता, संरक्षण करावयाच्या पिकाचे नाव. मी आबांच्या डाव्या कानाशी ओरडले, "आबा, कोणतं पीक लिहू?"

"लेकरं लिही."

"आबा, हितं पिकाचं नाव पायजे."

"मंग? औंदा रानात दुसरं काय उभं हाय?"

कचेरीत कोणीतरी हसलं. मी 'लेकरे' लिहिलं. दुसरा रकाना उपद्रवी जनावराचा, तिथं 'लांडगा' लिहिलं. कारकून तरुण होता. तो हसला नाही. अर्ज वाचून त्यानं लेखणी खाली ठेवली.

"आबा, ही बंदूक पिकासाठी हाय, आणि ती बी तुमच्या सोताच्या रानापुरती. तुमी गावासाठी बार काढता, म्हंजे तो धंदा झाला. धंद्याला परवाना निराळा. त्यात लांडगा. जंगली जनावराचा नवा कायदा आलाय, जंगल खात्याचं पत्र लागंल."

तो उजवीकडून बोलला होता. मला सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं. आबांनी शांतपणे ऐकलं. "पत्र येईपत्तर लांडग्याला थांब म्हनू व्हय?"

"अर्ज मी आजच वर धाडतो, आबा. माझ्या हाती तेवढंच हाय." आणि त्यानं आमच्यादेखत शिक्का मारला. त्याला मी कधी दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आबा बाभळीखाली येऊन बसू लागले. हातात बंदुकीचा गज होता, तेवढा घरी राहिलेला. आणि रॉकेलचा एक रिकामा डबा. "पयल्या बाराचं काम डबा करंल," म्हणाले. लेकरू रडलं की गजाच्या टोकानंच झोळीला झोका द्यायचे.

तो आला तो भर दुपारी, ओढ्यातून. भरावावरून मला आधी डब्याचा आवाज ऐकू आला, मग आबांची हाक. "जा बाबा! जा!" सरळ चालत नव्हता तो. तोंडाला फेस, मान एका अंगाला कललेली. डबा वाजतच होता आणि तो येतच होता. पिसाळलेल्याला कान नसतात. पहिली झोळी माझ्या शारदेची. आबा डबा टाकून मधे गेले, गज त्याच्या अंगावर घातला, गज निसटला तेव्हा नुसता हात घातला. आम्ही पहारी, फावडी घेऊन खाली पोचेस्तोवर त्यानं त्यांचा हात आणि गाल फाडला होता. माणसांनी त्याला तिथंच मारलं. शारदा झोळीत झोपलेलीच होती.

संध्याकाळी पंचनाम्याला हवालदार आले. विचारू लागले, जनावर कोणाच्या परवानगीनं मारलं? आबांच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मी प्रश्न ओरडून सांगितला. फडक्याआडून ते म्हणाले, "त्यानं तरी मला कुटं परवानगी इचारली, साहेब?" हवालदारांनी वही मिटली.

पोटातली चौदा इंजेक्शनं आबांनी एकही न चुकवता घेतली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गालाचा चावा मेंदूच्या जवळचा असतो, भरवसा नाही. मी हे आबांना ओरडून सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं असावं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी आमच्या ओसरीवर मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. पाऊस लांबलेला, टँकरच्या पाण्यासाठी गावात डोकी फुटत होती ते दिवस. आबांनी तांब्या तोंडाशी नेला आणि त्यांचा घसा आवळला. पाणी सांडलं. सांडलेल्या पाण्याकडं ते घाबरून बघत राहिले. मग भिंत धरून उठले आणि बैल विकल्यापासून रिकाम्या पडलेल्या गोठ्यात जाऊन बसले.

"मास्तरीन, भाईरून कडी घाल."

"आबा, असं काय बोलता?"

"आता उपद्रवी जनावर मीच. घाल कडी. त्याला परवाना लागत न्हाई."

दुसरं कोणी पुढं होईना. कडी मी घातली. दाराच्या फटीशी, डाव्या अंगाला बसून मी बोलत राहिले, काय काय ते आठवत नाही, शारदा रांगायला लागली वगैरे. आतून सुरुवातीला "व्हय" येत होतं. तिसऱ्या दिवशी दार उघडलं ते त्यांना न्यायलाच.

जंगल खात्याचं पत्र आलं की नाही, मला ठाऊक नाही. बंदूक चौकीतच राहिली. त्या साली पावसानं तलाव भरला, लोकांनी नारळ फोडला, आणि मी तिथलं पाणी प्यायले नाही. पुढं मालकांना सुरतेला कापडाच्या मागावर काम लागलं आणि आम्ही गाव सोडलं. मग संसार, आजारपणं, लेकीचं लग्न. जायचं जायचं म्हणता राहून गेलं.

पण आबा, मी येणार आहे. त्या भरावाखाली, बाभळीच्या सावलीला, तुमच्या नावाची पाणपोई घालणार आहे. पहिला तांब्या शारदेच्या हातचा. आणि तुम्हाला हाक मारीन ती डावीकडून मारीन.